रुळली गो, रुळली

पेणच्या एसटी स्टँडबाहेर, कलिंगडवाल्याच्या पलीकडे, खलीलचाचा पाखरं विकायला बसतो. होळीच्या आधीचा बाजार होता. मी त्याच्याकडे चार पाखरं घ्यायला गेले, इतकं साधं काम होतं.

बस इथे अमीना, कंदिलाजवळ सरक. रोह्यात पावसाळा संपता संपता लाइट अशीच जाते, आता कधी येईल सांगता येत नाही. मघाशी जेवताना तू विचारलंस, गणपतीच्या कारखानदाराची पोरगी ऐन गणपतीत पेणला का गेली नाही? कंपनीत सगळ्यांनीच विचारलं. त्यांना मी सुट्टी मिळाली नाही असं सांगितलं. तू आता या घरात माझ्यासोबत राहायला आलीयस, तुला खोटं सांगून कसं चालेल? पानातली कोथिंबीर मात्र तू सगळी बाजूला काढून ठेवलीस. आवडत नाही वाटतं. असू दे.

तर खलीलचाचा. मला बघून म्हणाला, "लवबर पायजेत का बाय?"

"लव्हबर्ड नाहीत ते चाचा, बजरीगर आहेत. लव्हबर्ड वेगळा पक्षी असतो."

"आसल. तू शिकलेली. पण ह्यांना लवबर म्हटलं तरच वळून बघतात." आणि खरंच, त्यानं जाळीवर टिचकी मारून 'लवबर' म्हटलं तशी सगळी एकदम आमच्याकडे वळली. माझी बीएस्सी तिथेच पाण्यात गेली. मी हसले. नाक निळं असलेले दोन नर आणि नाक तपकिरी असलेल्या दोन माद्या निवडल्या. त्यानं भोकं पाडलेल्या खोक्यात भरता भरता विचारलं, "पंख कातरून देऊ? नवीन हायत, जाळीवर आपटतील."

"नको," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण कलिंगडवाल्यानंसुद्धा मान वळवली.

का ते कळण्यासाठी तुला माझ्या आत्याबद्दल सांगायला हवं.

कृष्णाआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, पेणला भावाच्या घरात राहायचं नाही म्हणून इथे रोह्याला आली, शिवणाचे वर्ग चालवले आणि स्वतःच्या कमाईनं हे घर बांधलं. डावखुरी होती. डावखुऱ्या माणसाची कातर वेगळी लागते, ती तिनं मुंबईहून मागवली होती. त्या कातरीनं दुसऱ्या कुणाला कापडच कापता यायचं नाही. मी लहानपणी प्रत्येक मे महिना इथे काढला. पेणच्या घरात शाडूची धूळ, अण्णांची ओरड, 'पोरींनी रंगाच्या डब्यांना हात लावायचा नाय'. आणि इथे आल्यावर मागच्या पडवीत तो पिंजरा. आहे तोच. पडवीची अख्खी एक बाजू जाळी ठोकून बंद केलीय, आत पेरूच्या फांद्या, टांगलेली मडकी, चोच घासायला जाळीत अडकवलेला समुद्रफेस. मी आत उभी राहायचे. पाखरं डोक्यावर, खांद्यावर बसायची. राळ्यांच्या भुशाचा वास, पडवीतल्या ओल्या शेणाचा वास आणि आत्याच्या खोबरेल तेलाचा वास. आजही डोळे मिटले की पहिल्यांदा तो वास येतो, मग तिचा चेहरा.

नवीन पाखरं आणली की आत्याची एक रीत होती. लहान पिंजरा मोठ्या पिंजऱ्याच्या आत ठेवायचा. त्याला तीन बाजूंनी जुन्या चादरी बांधायच्या, एकच बाजू उघडी, घराच्या आतल्या माणसांकडची. "चारी बाजूंनी उघडं आसलं की पाखराला कुठं बघावं कळत नाय गो. एकच बाजू ठेवली की तिकडंच बघतं, न् तिकडचं होतं." मग ओली कोथिंबीर ठेवायची आणि बाजूला व्हायचं. कुणी हात दाखवायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आपल्यासमोर ती खायला लागली, पिसं साफ करायला लागली की शेवटचं काम. आत्या एकेक पाखरू मुठीत धरायची, पंख पंख्यासारखा उघडायची आणि त्या कातरीनं लांब पिसांची टोकं कापायची. दोन्ही पंखांची, अगदी सारखी.

"एकाच बाजूचं कापलं तर गरगर फिरून पडतं. दोन्हीकडं सारखं कापायचं. मग उडतं, पण थोडंच."

मी भांडायचे. सातवी-आठवीत असेन. "मग उडू दे की जास्त! तुझं काय जातं?"

"बाहेर कावळे हायत रंभे, घारी हायत. पिंजऱ्यात जन्मलेलं पाखरू ते. त्याला दुखत नाय गो, नखासारखं आसतं." आणि लहान पिंजऱ्याचं दार उघडून, पाखरू मोठ्या पिंजऱ्यातल्या फांदीवर जाऊन बसलं की म्हणायची, "रुळली गो, रुळली."

हाच शब्द बायका लग्न झालेल्या पोरीबद्दल वापरतात. सासरी रुळली. मला दोन्हीकडे तो सारखाच टोचायचा. पण आत्याच्या तोंडचा म्हणून ऐकून घ्यायचे. तिच्याएवढं माझ्यावर कुणी केलं नाही.

गेल्या पौषात ती गेली. ताप आला आणि गेली.

दहाव्याला मी घाटावर गेले. अण्णा म्हणाले, "बायका येत नाय दहाव्याला." मी म्हटलं, "मी येणार. तुमच्यापेक्षा माझी जास्त होती ती." लोक बघत राहिले, बघू देत. कुंडलिकेच्या काठावर पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. भिंतीवर ही रांग बसलेली कावळ्यांची, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. अण्णांनी हात जोडले.

"अक्का, घर विकणार नाय."

काही नाही.

"अक्का, तुझी मशीन रंभीला देतो."

काही नाही.

"अक्का... तुझी पाखरं मोकळी करतो. पुण्य लागंल तुला."

आणि एक कावळा उतरला, पिंडाला शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. अण्णांचे डोळे भरले. "बघा, पाखरांतच जीव अडकला होता माझ्या बहिणीचा."

मी घसा फोडून सांगितलं, अण्णा, त्यांचे पंख कापलेत, बाहेर टिकायची नाहीत ती. पण वचन दिलं होतं ना! वडीलधाऱ्यांनी पुण्य करायचं ठरवलं की मध्ये कोण बोलणार? घरी येऊन त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. पाखरं बाहेर आली. "उडतायत की चांगली," अण्णा म्हणाले. हो, उडाली. परसातल्या त्या पेरूपर्यंत. थोडंच. तिथे बसून घराकडे बघत राहिली, हिरवी, पिवळी, निळी. मग कावळे आले. घाटावरचेच असतील, दुसरे कुठले?

पुढचं सांगत नाही. मडकी रिकामी लटकत होती कितीतरी दिवस.

त्यानंतर मला धाटावच्या कंपनीत लॅबची नोकरी लागली, ते तुला माहीतच आहे. मी घरी सांगितलं, आत्याच्या घरात राहीन. पेणला जो काही गोंधळ झाला! कारखान्यातले कामगार मूर्ती सोडून ऐकत उभे.

"एकट्या पोरीनं? मेलेल्या बाईच्या घरात?" अण्णांच्या हातात ओला ब्रश होता, तो माझ्याकडे रोखून म्हणाले. "रोज गाडीनं जा न् ये."

"शिफ्टला गाडी नाही."

"मग नोकरी नको. वडखळचं स्थळ काय वाईट हाय?"

"वडखळच्या स्थळाला तुम्हीच जा."

कामगार हसले. अण्णांना हसणं सहन होत नाही. म्हणाले, "बरं. गणपतीपर्यंत राहा. पण त्याच्या आत एकदा जरी भिऊन पळत आलीस ना, तर नोकरी बंद, न् वडखळला मुकाट्यानं हो म्हणायचं."

"कबूल."

म्हणजे बघ, काहीही झालं तरी मला घाबरून घरी जाता येणार नव्हतं. कुणाला सांगताही येणार नव्हतं, कारण इथलं बोललेलं संध्याकाळच्या गाडीनं पेणला पोचतं. आणि मला घाबरायचं कारणच काय होतं? हे माझ्या आत्याचं घर. मी पहिल्यांदा केलं काय, तर पिंजरा धुतला आणि खलीलचाचाची चार पाखरं आणली. तिच्याच रीतीनं ठेवली, तीन बाजूंनी चादर, कोथिंबीर, सगळं. फक्त पंख कापणार नाही, हे ठरवलेलं.

पाखरं दोन-तीन दिवसांत खायला लागली. आणि एका दुपारी मी पहिली शिफ्ट करून घरी आले, तर माझ्या खोलीच्या खिडक्यांना चादरी बांधलेल्या. खोलीला तीन बाजूंना खिडक्या आहेत, चौथ्या बाजूला पडवीचं दार. तिन्ही खिडक्या झाकलेल्या, दार उघडं.

मला वाटलं शेजारची हौसाबाई. तिच्याकडे दुसरी किल्ली असते. तशीच चपला न काढता गेले.

"हौसामावशी, माझ्या घरात न विचारता शिरायचं नाही!"

ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं. "काय झालं गो बोंबलायला?"

"खिडक्यांना चादरी कुणी बांधल्या?"

"मी? ह्ये गुडघे बघ माझे! मोरीत उतरायला दोन माणसं लागतात मला, तुझ्या खिडकीवर चढू व्हय? शिकली न् डोकं गहाण टाकून आली." मग जरा थांबून म्हणाली, "किल्ली घेऊन जा तुझी. नको मला तो ताप."

किल्ली घेऊन आले. स्टुलावर चढून गाठी सोडायला लागले, आणि बोटं थांबली. गाठ उलटी होती. आपण मारतो त्याच्या उलट वळणाची. डाव्या हाताची.

मी चादरी काढल्या, घड्या केल्या, कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी परत बांधलेल्या. मग मी काढणं सोडून दिलं. खरं सांगू? पहिल्यांदा भीती वाटलीच नाही. मी खाटेवर बसून रडले. कुणी तरी माझी काळजी घेतंय, असं वाटलं. खोलीत खोबरेलाचा वास होता.

मग ताटात कोथिंबीर यायला लागली. मी स्वयंपाक करून, झाकून, हात धुवायला जायचे. परत येऊन बघते तर भाताच्या कडेला कोथिंबिरीची काडी, धुतलेली, पाणी निथळत असलेली. मी खायचे. कुणी तरी आपल्या खाण्याची वाट बघतंय हे पाठीला कळतं अमीना, बघावं लागत नाही. मी मान वर करत नव्हते. तीही हात दाखवत नव्हती...

चैत्रात एका संध्याकाळी दिवा लावायला पडवीत गेले. निळ्या नाकाचा थोरला नर दांडीवर एका टोकाला बसून घोगऱ्या आवाजात काही तरी पुटपुटत होता. नर शिकतात बोलायला, रोज तासन्‌तास एकच शब्द कानावर पडला तर. मी ह्यांना काहीच शिकवलं नव्हतं. मी कामावर जाते, घरात बोलायला कोण असतं? मी जाळीला कान लावला.

"रुळली गो... रुळली."

माझ्या हातातली काडी विझली. पेणच्या बाजारातलं पाखरू ते. आत्या गेल्यावर आलेलं. शब्द तर तिचा होताच, पण ते शेवटचं 'गो' ओढायची तऱ्हा, तीही तिचीच. दिवसभर मी घरात नसते तेव्हा ह्या पाखरांशी कोण बोलत बसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी मोठ्यानं म्हटलं, "आत्या, यांचे पंख कापायचे नाहीत हं. सांगून ठेवते."

नरानं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या जमिनीवर पिसांची टोकं पडली होती. हिरवी, पिवळी, निळी. चारही पाखरांचे दोन्ही पंख, अगदी सारखे. पाखरं मजेत होती, राळे खात होती. त्यांना दुखलं नव्हतं. मी कातर शोधली. शिवणाच्या खोक्यात, तेल लावून ठेवलेल्या कपड्यात गुंडाळलेली, जशी ती ठेवायची तशीच. नदीवर गेले आणि पुलावरून फेकून दिली. पाण्यात पडल्याचा आवाज ऐकून परत आले.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, शिफ्टवरून येऊन खाटेवर आडवी झाले होते. बाहेर ऊन, माडाच्या झापांचा आवाज. झोपेत मला कुणी तरी केस विंचरतंय असं वाटत होतं. लहानपणी मी आंघोळ करून आले की आत्या विंचरायची तसं, कानामागे बोट फिरवून. इतकं बरं वाटत होतं की मी डोळे उघडले नाहीत. पडवीतली पाखरं एकदम गप्प झाली. मग कानाजवळ आवाज आला... कापड कापताना येतो तसा, करकर... एकदा उजवीकडे... एकदा डावीकडे.

उठले तेव्हा उशीच्या दोन्ही बाजूंना केसांच्या बटा पडल्या होत्या. दोन्ही सारख्या.

तेव्हा मी पळून जायला हवं होतं. बॅग काढलीही. पण पळून गेले तर काय, ते डोळ्यासमोर होतं. अण्णांचा विजयी चेहरा, वडखळचा तो चष्मेवाला, नोकरी गेलेली. मी बॅग परत ठेवली. गणपतीपर्यंत काढायचं आणि मग ताठ मानेनं घरी जाऊन अण्णांना सांगायचं, बघा, राहिले की नाही. हरतालिकेच्या आदल्या दिवशी अण्णांचा फोन आला, कोपऱ्यावरच्या पीसीओवर. आवाज मऊ होता.

"जिंकलीस गो बाय. मी हरलो. ये उद्या. तुझ्यासाठी एक मूर्ती ठेवलीय, डोळ्यांची आखणी तुझ्या हातनं करायची."

मला लहानपणापासून हवं होतं ते, अमीना. डोळे आखणं. रंगाच्या डब्याला हात लावू न देणारे अण्णा स्वतः बोलावत होते. आणि शेवटी ते म्हणाले, "रुळलीस तू रोह्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या, पेणवरून दिव्याला जाणाऱ्या गाडीत बसले. खिडकीची जागा मिळाली. डब्यात सगळे गणपतीला निघालेले, मखराचे कागद, टोपल्या, पोरांचा कालवा. निडी गेलं. नागोठणं आलं. आणि गाडी सुटताना माझ्या लक्षात आलं, की मी फलाटावर उभी आहे. बॅग हातात. उतरावं असं माझ्या मनात आलं नव्हतं. मी उतरलेली होते, एवढंच. मला भीतीही वाटत नव्हती. मी शांत उभी राहून रोह्याच्या बाजूला बघत होते.

ती पाखरं पेरूवर बसून घराकडे बघत होती ना, तशी.

संध्याकाळी परत आले. गणपतीत आणखी दोनदा निघाले. एसटीनं गेले तर वाकण फाट्याला उतरले. इकडे कोलाडपर्यंत जाते, धाटावला रोज जाते. त्याच्यापुढे नाही. अण्णांनी ती मूर्ती डोळ्यांवाचून ठेवलीय अजून, म्हणतात रंभी आल्यावर. त्यांना वाटतं मी रागावलेय. मी रागावले असते तर बरं झालं असतं.

कापलेली पिसं झडून नवीन येतात, पंख परत होतात. आत्या तेव्हा पुन्हा कापायची. म्हणून मी केस वाढायची वाट बघते. कंदील इकडे कर. ही बट बघ, आणि ही. होळी गेली, पावसाळा गेला, बाकीचे केस खांद्याच्या खाली आले. ह्या दोन बटा कानाच्या खाली उतरत नाहीत. आणि कातर नदीत आहे.

एक गोष्ट मी अण्णांनाही सांगितलेली नाही. दहाव्याला कावळा शिवत नव्हता, तेव्हा अण्णा तोंडानं एकेक वचन देत होते, आणि मी मनातल्या मनात बोलत होते. ज्या क्षणी ते म्हणाले पाखरं मोकळी करतो, त्याच क्षणी मी म्हटलं होतं, आत्या, मी येते तुझ्या घरात. कायमची येते.

कावळा कुणाच्या शब्दाला उतरला, सांग बरं.

मला इथे वाईट वाटत नाही. हेच खरं भिण्यासारखं आहे, आणि मी भीत नाही. संध्याकाळी पडवीत बसते, पाखरं खांद्यावर येतात, सातवीतला मे महिना परत येतो. मला हवं होतं तेच घर मिळालं. फक्त कधी कधी गाडीची शिट्टी ऐकली की बसल्या जागी माझे खांदे हलतात.

तुला का सांगतेय हे? तू उद्या सुट्टीवर गावी जाणार म्हणालीस. जा. पहिल्या गाडीनंच जा, थांबू नकोस. कारण मघाशी तुझ्या पानात जी कोथिंबीर होती... ती मी वाढली नव्हती. मी आज बाजारातच गेले नाही. तू ती खाल्ली नाहीस, बाजूला काढलीस, म्हणून मी काही बोलले नाही.

एक काडी मात्र तू भाताबरोबर खाल्लीस. मी बघत होते.

अशी काय बघतेस माझ्याकडे? हात थंड पडले की तुझे. घाबरू नकोस, बस अशी. दुखत नाय गो... नखासारखं आसतं.